सहल ऑक्टोबरात, हिशेब मे महिन्यात



दसरा झाला की गावात एक कागद फिरू लागतो. "एकदिवसीय शेतकरी अभ्यास दौरा. सकाळी सहाला बस सुटेल. संत्राबागांना भेट, घाट, चिखलदऱ्याचे पॉइंट, भीमकुंड धबधबा. चहा-नाश्ता व जेवणाची सोय. सातबारा आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणावी." पन्नास नावांची यादी होते. हजेरीपत्रकावर सह्या होतात, बसला फलक बांधतात, फलकापुढे सगळ्यांना उभे करून फोटो काढतात आणि बस परतवाड्याच्या रस्त्याला लागते.

या बसबद्दल मला आज बोलायचे आहे. त्या बसमध्ये पुढे माईक धरून उभा राहणारा माणूस मीच होतो. शेतकीची पदवी घेतली, नोकरीला लागलो आणि बरीच वर्षे असे दौरे नेले. तेव्हा खाली लिहितो त्या दुसऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या नाहीत, माझ्याच कामाचा हिशेब आहे.

काय दाखवतात?

सकाळी चांदूर बाजार-अचलपूरच्या बाजूला एखादी नामांकित संत्राबाग. अंबिया बहाराची फळे रंग धरू लागलेली, झाडांना बांबूचे टेके, ठिबकच्या नळ्या सरळ रांगेत. बागायतदाराला शाल-श्रीफळ. तो दोन शब्द बोलतो, माईकवाला वीस बोलतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आवर्जून सांगतो. मग परतवाडा, सागवानाचे जंगल, घाटाची वळणे. मोथ्याला खवा आणि रबडी. वर चिखलदऱ्याला पोचल्यावर कॉफीची झाडे दाखवतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते असे हे ठिकाण, हे ऐकून मंडळी पाने चुरगाळून वास घेतात. नंतर भीमकुंड. भीमाने कीचकाला मारून इथे हात धुतले, कीचकाची दरी म्हणून चिखलदरा, ही कथा. शेवटी गाविलगडचा किल्ला, आणि अंधार पडायच्या आत परतीची बस.

दिवस छान जातो. मी खोटे बोलणार नाही. ज्या माणसाने दहा वर्षांत बाजाराचा गाव आणि तालुक्याची कचेरी यापलीकडे काही पाहिले नाही, त्याच्या तोंडावर धबधब्याचे तुषार उडाले की त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्या आनंदावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो परतीच्या प्रवासात माईकवरून विचारलेल्या प्रश्नावर: "मग, यंदा किती जण बाग लावणार? हात वर करा!" थकलेला, पोटभर जेवलेला, हिरवे पाहून हरखलेला माणूस हात वर करतो. ते हात मोजून अहवालात आकडा जातो.

ऑक्टोबरच का?

भावांनो, हा दौरा मे महिन्यात का निघत नाही, असे कधी कोणी विचारले आहे का?

ऑक्टोबरात पाऊस नुकताच उघडलेला असतो. विहिरी वरपर्यंत भरलेल्या असतात. धबधबा अजून जिवंत असतो. फळ झाडावर असते. वर्षातल्या बारा महिन्यांपैकी बागेचा सर्वांत देखणा महिना हा. त्याच महिन्यात आपल्या शेतात कापसाची पहिली वेचणी असते. सीतादही करून बाया शेतात उतरतात आणि पुरुष बसमध्ये बसतात. मायबहिणींनो, त्या बसच्या पन्नास सीटांत तुमची किती असतात हे तुम्हीच सांगा. आणि बाग वाळू लागली की डोक्यावर हंडे घेऊन रोपांना पाणी घालायला कोण जाते, तेही सांगा.

मे महिन्यात तोच रस्ता धरा. भीमकुंडाला कातळ उघडा पडलेला असतो. चिखलदऱ्याला आपल्या सपाटीच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो, पण तो पडतो काळ्या कातळावर आणि उतारावर. सातपुडा पाणी देतो, धरून ठेवत नाही. दक्षिणेकडचे पाणी चंद्रभागा, सापन, शहानूर या नद्यांतून पूर्णेला जाते, उत्तरेकडचे सिपना-गडग्यातून तापीला. धबधबा म्हणजे पाणी डोंगर सोडून चालल्याची खूण. म्हणूनच ज्या तालुक्यात धबधबे बघायला गाड्यांची रांग लागते, त्याच चिखलदरा तालुक्यात खडीमलसारख्या गावांना वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्यावे लागले. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बाया-पोरे दोर घेऊन काठावर धावतात. या गावाकडे दौऱ्याची बस वळत नाही.

बाग तिथे का आहे?

माईकवरून आम्ही सांगायचो, "बघा, हाही तुमच्यासारखाच शेतकरी. त्याने हिंमत केली, तुम्हीही करा." हे अर्धेच खरे होते, आणि शेतकी शिकलेल्या माणसाने अर्धे खरे सांगणे हा गुन्हा आहे.

पूर्ण खरे असे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, रेती आणि गाळ यांचा एक लांब पट्टा आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी या पट्ट्यात मुरते. संत्र्याच्या जुन्या बागा तिथे उभ्या राहिल्या त्या या मुरलेल्या गोड पाण्यावर. तिथून बस दक्षिणेला थोडी खाली आणा, पूर्णेचा खारपाण पट्टा लागतो. दर्यापूर-भातकुलीकडे जमीन काळी, खोल, पण विहिरीचे पाणी खारट. त्या पाण्यावर संत्रा लावायचा म्हणजे झाडाला मीठ पाजायचे. आणखी खाली, जिल्ह्याच्या दक्षिणेला, बरडावर हातभर मातीखाली मुरूम. संत्र्याच्या मुळांना निदान मीटरभर निचऱ्याची जमीन लागते. मुरमावर मूळ पसरत नाही; भारी चिकण मातीत पाणी साचले तर मूळ कुजते आणि खोडातून डिंक गळू लागतो. ही सगळी माहिती पदवीच्या पुस्तकात आहे. मला ती पाठ होती. बसमध्ये ती सांगितली असती तर हात वर झाले नसते आणि अहवालात आकडा गेला नसता.

एका एकराला एक टँकर

आता आकडेमोड करू. ती घरी कागदावर तुम्हीही करून पाहा.

संत्र्याचे अंतर सहा बाय सहा मीटर धरले तर एकरात सुमारे ११२ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला कडक उन्हाळ्यात ठिबकवरसुद्धा रोज १०० लिटरच्या वर पाणी लागते. म्हणजे एकराला रोज ११,००० लिटरच्या वर. गावात पिण्याचे पाणी घेऊन येणारा मोठा टँकर साधारण एवढाच असतो. तेव्हा एक एकर संत्रा म्हणजे उन्हाळ्यात रोज एक टँकर, हे डोक्यात पक्के करून घ्या. आपली पऱ्हाटी आणि ज्वारी आभाळातून आले त्या पाण्यावर येते. नाही आले तर त्या वर्षाचे पीक जाते. बाग गेली तर लावल्यापासूनची सगळी वर्षे जातात, कारण पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत संत्रा हातात पैसा देत नाही.

मुरलेल्या पाण्याच्या पट्ट्यातसुद्धा हा हिशेब बसलेला नाही. वरुड-मोर्शीकडे भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेला, बोअर शेकडो फूट खाली गेले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पिढीजात बागायतदारांच्या बागा उभ्या वाळल्या. जिथे संत्रा शंभर वर्षांचा, तिथे ही गत. मग बरडावरच्या कोरडवाहू माणसाला "हिंमत कर" म्हणणाऱ्याची जबाबदारी काय?

ती जबाबदारी मी चुकवली आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात माझ्या बसमध्ये जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा एक पाच एकरवाला होता. परतताना त्याने हात वर केला. पुढल्या पावसाळ्यात दोन एकर लावले, २२४ झाडे. कर्ज काढून विहीर खोल केली, ठिबक टाकले. पहिली वर्षे झाडे चांगली आली. झाडे लहान होती, पाणी थोडके लागत होते. मी स्वतः दोनदा जाऊन फोटो काढले, ते अहवालात लावले. २०१८ चा पाऊस कमी पडला. जानेवारीत विहीर तळाला गेली. त्याने एक बैलजोडी विकून टँकर आणले. मे २०१९ मध्ये मी गेलो तेव्हा झाडे सरपणासाठी तोडली जात होती. त्याची बायको फांद्यांच्या मोळ्या बांधत होती. ती माझ्याशी बोलली नाही. तो बोलला. म्हणाला, "साहेब, तुमी दाखवलं थे खरंच होतं. पण तेवढंच दाखवलं."

त्याने शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते. त्या वर्षी मी नोकरी सोडली.

माईक बंद झाल्यावर

दौऱ्यात आणखी एक गोष्ट दाखवत नाहीत, ती म्हणजे संत्रा विकला कसा जातो. एकदा भेटीनंतर एका बागायतदाराला मी म्हटले, भावाबद्दल दोन शब्द सांगा. तो म्हणाला, "आधी तो माईक बंद करा."

माईक बंद केल्यावर त्याने सांगितले ते असे. व्यापारी झाडावरचे फळ नजरेने पाहून सौदा करतो, थोडा इसार देतो. बाजार चढला तर लगेच तोडणीला येतो. बाजार पडला तर येत नाही. फोन उचलत नाही. फळ झाडावर पिकून गळू लागते, आणि मग निरोप येतो: माल गळाला, आता निम्म्यात देता का? लिखापढी नसते, असली तरी त्या चिठ्ठीवर कोर्टात कोण जाणार? ऑगस्ट-सप्टेंबरातली फळगळ वेगळीच. त्यातून बांगलादेश हे आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने आयात शुल्क २०१९ पासून वाढवत नेले, किलोला सुमारे २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर. ढाक्यात घेतलेल्या निर्णयाने अचलपूरची बाग पडते.

म्हणजे बागेतही भाव दुसऱ्याच्याच हातात. कापसाला जे दुखणे तेच संत्र्याला, फक्त बागेत भांडवल जास्त अडकते आणि वाट जास्त पाहावी लागते. शाल-श्रीफळ घेऊन फोटोत उभा असलेला तो भला माणूस आपल्यापेक्षा सुखी आहे, असे समजून आपण बसमध्ये चढलो आणि त्याच्याकडून काहीही न शिकता उतरलो. त्याला माईक बंद करून बोलावे लागले, यातच त्या दौऱ्याची किंमत आली.

वरून सगळेच हिरवे

गाविलगडच्या दक्षिण बाजूला उभे राहिले की खाली सगळा वऱ्हाड पसरलेला दिसतो. दौऱ्यात हा शेवटचा पॉइंट. गाइड सांगतो की १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. तो पुढचे सांगत नाही. त्याच महिन्यात देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांच्या हातचा वऱ्हाड निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने फौजेच्या कर्जापोटी तो इंग्रजांच्या ताब्यात दिला. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, १८६१ ते १८६५. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इथल्या काळ्या मातीची किंमत साहेबाला कळली आणि रेल्वेचे फाटे खामगाव-अमरावतीच्या कापूस बाजारापर्यंत आले. गडावरून खाली पाहणाऱ्याला आपले शेत नेहमी असेच दिसत आले आहे: एक हिरवा तुकडा, ज्याचा सारा येतो, ज्याचा कापूस येतो. त्या तुकड्यात राहणारा माणूस एवढ्या उंचीवरून दिसत नाही.

आज डोंगरावर उभा राहून आपल्याकडे पाहणारा पाहुणा पर्यटक आहे. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. म्हणतात, शेतीला पर्यटनाची जोड द्या. ज्याच्या शेताला डोंगर आहे, ओढा आहे, शहर तासाभरावर आहे, त्याने जरूर द्यावी. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवाल्यालाही ही संधी आहे. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता, म्हणजे किलोला चौतीस रुपयेही नाहीत. त्याच ज्वारीचे कोवळे कणीस शेकोटीवर भाजून, दही-चटणीसोबत शहरातल्या माणसाला वाढले तर ताटामागे शेकडो रुपये मिळतात. जमत असेल त्याने लाजू नये. पण हिशेब असा की किती गावांना शहर तासाभरावर आहे? हुरड्याचे दिवस किती? पऱ्हाटी पाहायला तिकीट काढून कोण येतो? ज्याचे पीक परवडत नाही त्याला "तू देखावा विक" असा सल्ला द्यायचा आणि पिकाच्या भावाचा प्रश्न बाजूला सारायचा, ही पळवाट आहे.

मग घरी बसायचे का?

काही कार्यकर्ते मला म्हणतील, शेतकऱ्याने एक दिवस डोंगर पाहिला, पाण्यात पाय सोडून बसला, तर तुमच्या पोटात का दुखते? शहरातल्या नोकरदाराला सहल चालते, आमच्या माणसाला का नको?

माझे उत्तर सरळ आहे. सहलीला जा. बायकोला, म्हाताऱ्या आईला घेऊन जा. वर्गणी काढून गाडी करा, स्वतःच्या पैशाने मोथ्याची रबडी खा, भीमकुंडाला मनसोक्त भिजा. ती तुमची सहल, तिचे कोणाला देणे लागत नाही. पण सहलीला अभ्यास म्हणू नका, आणि दुसऱ्याला म्हणू देऊ नका. फुकटच्या जेवणाच्या बदल्यात परतीच्या बसमध्ये वर केलेला हात वीस वर्षांचा करार असतो. त्यावर सही तुमची आणि श्रेय दुसऱ्याचे.

अभ्यासच करायचा असेल तर आपला दौरा आपण काढू. पहाटे खडीमलच्या विहिरीवर टँकरपाशी उभे राहू. तिथून उतरून वरुडकडची एक वाळलेली बाग पाहू आणि बागायतदाराला विचारू की पहिले झाड कोणत्या महिन्यात गेले. मग एक उभी बाग पाहू, तीही मे महिन्यात, आणि तो पाणी कुठून आणतो ते विचारू. दुपारी बाजार समितीत जाऊन इसाराच्या चिठ्ठ्या वाचू. असा दौरा करून आल्यावरही ज्याची जमीन, पाणी आणि कंबर साथ देते, त्याने बाग लावावी. मी स्वतः त्याच्या बांधावर येऊन खड्डे आखून देईन.

मेळाव्यापुढे ठराव

या जिल्हा मेळाव्यात पुढील चार गोष्टी ठरावाच्या रूपाने मांडायच्या आहेत.

एक. ज्या बागेला ऑक्टोबरात भेट दिली, त्याच बागेला त्याच शेतकऱ्यांना घेऊन मे महिन्यात दुसरी भेट दिल्याशिवाय त्याला अभ्यास दौरा म्हणू नये.

दोन. दर एका यशस्वी बागेमागे एक मोडलेली बाग दाखवावी आणि दोन्ही शेतकऱ्यांना दिवसाची मजुरी द्यावी. शाल-श्रीफळावर बोळवण बंद.

तीन. भेट दिलेल्या बागेचा दहा वर्षांचा जमाखर्च छापून प्रत्येकाच्या हाती द्यावा. त्यात न आलेला बहार, मोडलेला सौदा आणि कर्जाचे व्याजही असावे.

चार. कोणालाही फळबाग लावण्याचा सल्ला देण्याआधी त्याच्या शेतात तीन फूट खड्डा खणून माती पाहावी आणि विहिरीचे मे महिन्यातले पाणी मोजावे. हे न करता सल्ला देणाऱ्याचे नाव आणि सही सल्ल्याच्या कागदावर असावी, म्हणजे बाग वाळली तर कोणाला बोलवायचे ते कळेल.

शेवटचा ठराव मी स्वतःविरुद्ध मांडतो आहे, हे माझ्या लक्षात आहे.

तोवर प्रत्येकाने एक काम करावे. त्याला बस लागत नाही, फलकही लागत नाही. एक दोरी घ्या, टोकाला दगड बांधा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या विहिरीत सोडा आणि जिथवर दोरी ओली होते तिथे गाठ मारा. ती दोरी घरात खुंटीला टांगून ठेवा. पुढल्या दसऱ्याला कागद घेऊन कोणी दारात आला आणि बाग दाखवायला नेतो म्हणाला, तर आधी त्याच्या हातात ती दोरी द्या आणि गाठ मोजायला सांगा.